मेणातले दात

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. आजकाल हाताने लिहिलेलं पाकीट आलं की लोकांना वाटतं, एक तर कुणी गेलं किंवा कुणी कोर्टात खेचलं. तसलं काही नाही. फोनवर तू सापडत नाहीस, एवढंच कारण. दर रविवारी मी फोन करते आणि तुझ्या सूनबाई उचलतात. कधी तू झोपलेली असतेस, कधी गच्चीत उन्हाला बसलेली असतेस, कधी आंघोळीला गेलेली असतेस. मागच्या रविवारी तर तू आंघोळीला गेली होतीस आणि सूनबाईंच्या मागून तुझा खोकला ऐकू येत होता. त्या बिचाऱ्या खोटं बोलण्यात अगदीच कच्च्या आहेत, आणि तू त्यांना या वयात नवीन विद्या शिकवते आहेस. असो. बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण ऐकावं लागेल. जन्मभर तू बोललीस आणि मी ऐकलं, त्याची थोडी तरी परतफेड होऊ दे.

मुख्य बातमी अशी की माझी खुर्ची धोक्यात आहे. लॅबच्या धाकट्या मालकांनी मला एक पूर्ण कवळी करायला दिली आहे, वरची आणि खालची, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने, कुणाचा हात न लागता. ज्याच्या तोंडात ती जाईल त्याला जमली, तर खिडकीजवळचं टेबल माझं. नाही जमली, तर मी उठायचं. नारळ हातात देतील तोही गोड बोलून देतील, कारण पोरगा वाईट नाही. पण नारळ तो नारळच. हे सगळं इथवर कसं आलं ते सांगते. तुला घाई असेल असं वाटत नाही.

लोकांचे खोटे दात करण्यात आपण दोघींनी आपलं खरं आयुष्य घालवलं, ती लॅब आता तुला ओळखू यायची नाही. जिथे प्लास्टरची पोती रचलेली असायची तिथे काचेची खोली आहे आणि तिच्यात एक मशीन आहे. एका ठोकळ्यातून ते दात कोरून काढतं, न थकता, न चहा मागता. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण त्या मशीनवर धाकट्या मालकांचं चांगलं भरतंय. माझं मशीनशी भांडण नाही हो. एखाद्या दाढेवरची टोपी ते इतकी स्वच्छ करतं की मला माझ्या तरुणपणीही तशी जमली नसती. बाहेर पोरं-पोरी पडद्यावर लोकांचे जबडे गोल गोल फिरवत बसतात. पूर्ण कवळ्या मात्र अजून बऱ्याचशा हातानेच होतात, आणि हाताने करणाऱ्यांत आता सत्तरी ओलांडलेली मी एकटीच आहे.

तू नवीन माणूस ठेवताना त्याला उलटासुलटा तपासायचीस, तशी माझी तपासणी करून टाक. डोळे: जवळचा चष्मा, त्यावर भिंग, आणि तरीही दाताच्या कडेची रेघ मी नखानेच शोधते. कान: बारीक आवाज गेले, त्यामुळे घासायच्या मशीनची किंकाळी मला आता त्रास देत नाही, हा फायदाच. उजव्या अंगठ्याचं मूळ थंडीत सुजतं. हात सकाळी उठल्यावर आखडलेले असतात, टेबलावर बसून थोडा वेळ गेला की मोकळे होतात, दुपारच्या जेवणापर्यंत शहाण्यासारखे वागतात आणि संध्याकाळी उकळत्या किटलीच्या झाकणासारखे थरथरायला लागतात. नावं आठवत नाहीत. लॅबमधल्या सगळ्या पोरींना मी 'अगं ए' म्हणते, आणि गंमत म्हणजे त्या सगळ्याच एकदम ओ देतात.

आता जमेची बाजूही ऐक, नाहीतर म्हणशील रडगाणं गाते. पूर्वी मी एक दात मेणात बसवायची, काढायची, परत बसवायची. आता साचा हातात घेऊन बराच वेळ नुसती बघते. अंगठा फिरवते. हा माणूस कुठल्या बाजूने चावत आला, कुठली हिरडी हुळहुळी आहे, जीभ केवढी पसरली आहे, हे प्लास्टरवरून कळतं. मग दात बसवते तो बहुतेक एकदाच. पोरांना वाटतं म्हातारी बसल्या बसल्या झोपली. म्हातारी झोपलेली नसते, बघत असते. दुरुस्तीला परत येणारं माझं काम सगळ्या लॅबमध्ये सगळ्यात कमी, हे धाकटे मालकही मान्य करतात. म्हणजे करायचे, त्या ग्रंथपालाच्या भानगडीपर्यंत.

ती भानगड अशी झाली. एक ग्रंथपाल आहेत, माझ्याच वयाचे असतील, आणि माझ्यासारखेच खुर्चीला चिकटलेले. त्यांचा साचा माझ्याकडे आला. मी अंगठा फिरवला आणि अंगठा म्हणाला, अरे, ही तर ओळखीची मंडळी! मधे उंचवटा, डावीकडे खोल गेलेली हिरडी, पुढे रुंद कमान. आपला तो बँडवाला आठवतो का, ज्याला पुढच्या दोन दातांत फट हवीच होती, कारण फटीशिवाय आपण आपल्यासारखे दिसत नाही असं त्याचं म्हणणं होतं? हुबेहूब तो जबडा. झालं, माझ्या हातांनी कुणालाही न विचारता फट सोडून दिली. डब्यावर चिठ्ठी होती, चिठ्ठीवर सगळं नीट लिहिलेलं होतं, आणि मी ती वाचलीच नाही. जबड्याची ओळख पटली, माणसाची पटलीच नाही.

पुढचं तू डोळ्यासमोर आण. हे गृहस्थ नवी कवळी लावून ऐटीत वाचनालयात गेले. पोरं नेहमीप्रमाणे गोंगाट करत होती. हे उठले आणि म्हणाले, शांत बसा. त्या 'श'ला आणि त्या 'स'ला अशी काही शीळ वाजली की क्षणभर खरंच सगळे गप्प झाले. मग मागच्या बाकावरून कुणीतरी शीळ घालून उत्तर दिलं. मग दुसऱ्याने. ते पुन्हा म्हणाले, शिस्त पाळा, आणि मग तर सगळं वाचनालयच बागेतल्या पाखरांसारखं सुरू झालं. हे सगळं त्यांनी स्वतः येऊन, शिट्ट्यांसकट, माझ्यासमोर उभं राहून सांगितलं. मला हसू आवरेना, आणि ताई, खरं सांगते, सांगता सांगता त्यांनाही आवरेना. शेवटी आम्ही दोघं माझ्या टेबलाशी डोळे पुसत बसलो होतो. फट बुजवून दिली, ते खूश होऊन गेले.

पण धाकटे मालक हसले नाहीत. ओरडलेही नाहीत, आणि तेच मला लागलं. त्यांचे वडील अशा वेळी छप्पर डोक्यावर घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी विसरायचे. हा मुलगा माझ्याजवळ स्टूल ओढून बसला आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं हळू, मोठ्याने आणि गोड बोलायला लागला. म्हणे, मावशी, तुम्ही आता तयार माल तपासून डब्यात भरायचं बघा, शांत काम आहे. शांत काम! मी म्हटलं, मला शांत काम नको, मला माझं काम हवंय. तेव्हा त्यांनी सांगितलं की असं तोंडी नको, आपण रीतसर तपासून घेऊ.

मग एक बाई आल्या. कामाच्या जागी माणसांची तपासणी करणं हाच त्यांचा धंदा. तरुण, गंभीर, थंडगार बोटांच्या. त्यांनी मला भोकांत खुंट्या बसवायला लावल्या, हिरवा दिवा लागला की बटण दाबायला लावलं. दिवा लागायचा, मी मनात म्हणायची, हा नक्की हिरवाच ना, आणि मग दाबायची. तोवर दिवा कंटाळून विझलेला असायचा. शब्दांची एक यादी वाचली आणि परत म्हणायला सांगितली. मला बादली आठवली, घोडा आठवला आणि मोजे आठवले. मोजे यादीत नव्हतेच. घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, म्हणूनच मी रोज शब्दकोडं सोडवतो, मेंदू गंजत नाही. हे म्हणताना ते चष्मा शोधत होते आणि चष्मा कपाळावर होता.

पण त्या बाई खऱ्या निघाल्या. मी मनातून त्यांना आधी बऱ्याच शिव्या घातल्या होत्या, त्या परत घेते. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, वेग कमी झालाय, ताजं ऐकलेलं कमी राहतं, दमल्यावर हात हलतो, आणि हे सगळं वाढत जाईल. एकसारख्या दिसणाऱ्या आकारांतून वेगळा कुठला हे ओळखण्यात मात्र, पोरींनाही तपासून बघितलं तरी, मी अख्ख्या लॅबमध्ये पहिली. मग त्यांनी एक गोष्ट केली जी मला आवडली. खुंट्यांची पेटी बंद करून त्या पूर्ण दिवस माझ्या शेजारी बसून राहिल्या, नुसतं काम बघत. संध्याकाळी म्हणाल्या, तुमची अडचण हातांची नाही, हातांवरच्या विश्वासाची आहे. हात इतके तयार आहेत की ते तुम्हाला विचारतच नाहीत. माझ्या तोंडावर इतकं खरं मला तुझ्यानंतर कुणी बोललं नव्हतं.

त्यांच्या सांगण्यावरून माझी खुर्ची खाली केली, दिवा डावीकडे आणला, मनगटाखाली वाळूची छोटी उशी ठेवली. पुढच्या दातांचं काम फक्त जेवणाच्या आधी करायचं. आणि साच्याला हात लावण्यापूर्वी डब्यावरची चिठ्ठी मोठ्याने वाचायची, अगदी शाळेतल्यासारखी. पहिले काही दिवस मला इतकी लाज वाटायची की मी ती शौचालयात जाऊन वाचून यायची. पण अंगठ्याची ठणक निम्मी झाली, हे कबूल केलं पाहिजे. आता पोरीही चिठ्ठ्या मोठ्याने वाचायला लागल्या आहेत. सकाळी लॅबमध्ये पाढे चालल्यासारखे वाटतात. एक पूर्ण काम देऊन बघा, खुंट्यांवरून ठरवू नका, हेही त्या बाईंनीच मालकांना सुचवलं.

मालकांनी माझ्यापुढे तीन-चार डबे ठेवले, सगळी सोपी कामं, भरलेल्या हिरड्या, सरळ जबडे. दया म्हणून ठेवले होते. मी म्हटलं, माझा पेशंट मी निवडणार. जो निवडला तो अवघडातला अवघड. खालची हिरडी झिजून नुसती रेघ उरलेली, वरची एका बाजूला बसलेली, आणि वर त्याने आधीची एक कवळी नाकारून कपाटात टाकलेली. मालकांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, मावशी, जिंकायचंय की हरायचंय? मी म्हटलं, हरायचंच झालं तर चांगल्या कामावर हरते.

काम करताना मला आई सारखी आठवत होती. तिचे दात चाळिशीच्या आतच गेले होते. आपण सगळे जेवून उठलो की ती जेवायला बसायची, आपल्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड. हसायची तेव्हा हात तोंडावर जायचा. मला तर बरीच मोठी होईपर्यंत वाटायचं की आया अशाच हसतात, तो हसण्याचाच भाग आहे. तू नुकतीच लॅबला लागली होतीस. जेवणाच्या सुट्टीत, न सांगता, वेगवेगळ्या डब्यांतले उरलेसुरले दात गोळा करून तू तिची कवळी केलीस. एकाचा रंग दुसऱ्याशी जुळत नव्हता. आईने ती लावली, आरशात न बघता बराच वेळ जीभ फिरवत बसली आणि म्हणाली, तोंडात पाहुणे आलेत गं. तू म्हणालीस, पाहुणे नाहीत, भाडेकरू आहेत, चार दिवस भांडतील आणि मग आपलंच घर समजतील. त्या संध्याकाळी ती आपल्याकडे तोंड करून टेबलाशी बसली आणि तिने सफरचंदाचा चावा घेतला. काय आवाज झाला होता! बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ती खाली बघून चावत राहिली. दुसऱ्या दिवशी मी तुझ्या मागे लागले की मलाही लॅबला घेऊन चल. पगारासाठी येतेय असं तुला सांगितलं होतं. पगार कसला, मला तो आवाज पुन्हा ऐकायचा होता.

तुझ्या हाताखाली शिकणं म्हणजे काय होतं ते आता पोरींना सांगितलं तर पोलिसात जातील. माझी मेणाची सुरी तू कितीदा फेकून दिलीस! पण बोटांत बारीक दात पकडायची माझी तऱ्हा बघून पहिल्याच आठवड्यात तू मला चिमटी म्हणायला लागलीस, आणि सगळ्या लॅबने ते नाव उचललं. मला अजून त्या नावाने हाक मारणारं तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही. हे लिहिताना लक्षात आलं की ती हाक ऐकूनही कितीतरी महिने झाले.

परवा मात्र माती खाल्ली. पुढचे सहाही दात मनासारखे बसले होते, जेवणाची वेळ झाली होती, आणि मला हाव सुटली. म्हटलं, सुळ्याचा एक कोपरा राहिलाय तेवढा करून टाकू. जेवण लांबलं, हात दमला, तापलेली सुरी घसरली आणि अख्खी पुढची रांग मेणासकट खाली आली. धाकटे मालक नेमके दारात उभे होते. ते आत गेले आणि माझ्यासाठी चहा घेऊन आले. मी तो प्यायले, दात गोळा करून डब्यात ठेवले आणि सरळ घरी आले. घरी येऊन मात्र रडले, तुझ्यापासून काय लपवायचं. आमचे हे कोडं बाजूला ठेवून शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, सोडून दे ना आता. मी म्हटलं, उद्या सकाळी विचारा. दुसऱ्या दिवशी सकाळी हात चांगले होते, आणि मी पुन्हा पहिल्या दातापासून सुरुवात केली. निघताना ह्यांनीच जेवणाचा डबा भरून दिला होता.

तू लॅब सोडताना म्हणाली होतीस, कुणी उठवायच्या आत आपण उठावं. मी त्यावर खूप विचार केला. तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. गुडघे बोलायला लागले होते, मुलगा दुसऱ्या गावी बोलावत होता, आणि तू ताठ मानेने गेलीस. पण तू उठलीस तेव्हा तुझे हात माझ्या आजच्या हातांपेक्षा स्थिर होते, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. मला उठायची भीती नाही वाटत. कमी जमतंय हे कळूनही आपल्याला कळलं नाही असं दाखवत बसायची वाटते. किंवा त्याच्या उलट, अजून जमतंय ते दुसऱ्याच्या दयेने सोडून द्यायची. या दोन्हींतलं माझं कुठलं, हे ठरवायला मला जाणकार माणूस हवा. मालक हिशेबाने ठरवतील, आमचे हे मायेने ठरवतील. मला दोन्ही नको.

म्हणून आता खरं सांगते. मागच्या महिन्यात दातांचे डॉक्टर घरी येऊन तुझे ठसे आणि चाव्याचं माप घेऊन गेले ना, जुनी कवळी दुरुस्त करतो म्हणून? ते सगळं माझ्या टेबलावर आलं. सूनबाईंनी मला फोन केला होता, रविवार नसताना, हळू आवाजात. ती कवळी तू कपाटात टाकलीस, शब्द बोबडे होतात म्हणून कुणाशी बोलत नाहीस, सगळ्यांचं झालं की एकटी जेवतेस आणि हसायची वेळ आली की तोंडावर हात नेतेस, हे त्यांनी सांगितलं. त्यांच्यावर चिडू नकोस, त्या फार वेळ गप्प राहिल्या होत्या. तुझं मला समजतं. जन्मभर लोकांच्या तोंडात दात बसवणाऱ्या बाईला धाकट्या बहिणीने बोबडं बोलताना ऐकावं, हे तुला कसं सोसेल? सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. मी चिठ्ठी मोठ्याने वाचली, त्यावर तुझं नाव होतं. या वेळी हातांना विचारून मग कामाला लावलं. तुझा डावा सुळा किंचित फिरलेला होता, तो मी तसाच फिरवून बसवला आहे. त्यासाठी मला फोटो लागला नाही, लहानपणी तू माझ्या दंडाला चावली होतीस, ती खूण अजून आहे.

सूनबाईंकडे एक डबा आहे, पत्र वाचून होईपर्यंत द्यायचा नाही असं त्यांना बजावलं आहे. दात अजून मेणात आहेत, तेव्हा चावायचं काही नाही आणि गरम चहा तर मुळीच नाही. बसवायचे कसे हे मी सांगणं म्हणजे गुरूलाच विद्या शिकवणं. कवळी लावून दोन वाक्यं म्हणायला सांगितली की सगळेच जपून बोलतात आणि सगळं छान वाटतं. पानभर बोलल्यावर माणूस विसरतो की तोंडात काही आहे, आणि मग खरं कळतं. म्हणून हे पत्र एवढं लांबवलं. ग्रंथपालापाशी हसू आलं तर हात खालीच ठेव आणि वरची सुटते का बघ. 'स'ला शीळ वाजली, दातावर दात आपटला, 'त'ला जीभ अडली, 'फोन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला नीट टेकले नाहीत, की तिथे पेन्सिलीने खूण कर. आईपाशी आवाज बसला तर खूण करू नकोस, तो माझ्या कामाचा दोष नाही. मग पत्र आणि डबा दोन्ही परत पाठव. मेण आहे तोवर सगळं हलवता येतं. निकाल तू देणार असं मी धाकट्या मालकांना सांगितलं आहे, आणि तू त्यांच्या वडिलांनाही कधी सवलत दिली नव्हतीस, तेव्हा मलाही देऊ नकोस. नाही जमलं तर तसं लिही, मी आपणहून उठेन. आता डबा माग, दात बसव, सूनबाईंना समोर बसव आणि पहिल्यापासून मोठ्याने वाच. पहिलाच शब्द 'प्रिय' आहे. तो म्हणताना ओठ आपसूक मिटले पाहिजेत. ओढून मिटावे लागले तर चावा उंच राहिलाय, पहिली खूण तिथेच कर.

तुझीच,
चिमटी